आळस डोळ्याचा नव्हे

वैद्यकशास्त्र ज्याला 'ॲम्ब्लायोपिया' म्हणते, त्या बालपणीच्या दृष्टिदोषाला मराठीत 'आळशी डोळा' असे नाव पडले आहे. इंग्रजी बोलीतील नावाचे ते सरळ भाषांतर होय. नाव सुटसुटीत आहे आणि राज्यकर्त्यांच्या सोयीचेही आहे. गरीब माणूस गरीब का, तर तो आळशी म्हणून, असे सांगणारे एक अर्थशास्त्र या देशात फार काळ सुखाने नांदत आले. तेच अर्थशास्त्र आता चार वर्षांच्या पोराच्या डोळ्यापर्यंत येऊन ठेपले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. डोळ्याला दिसत नाही, कारण डोळा आळशी. पट्टी नेमाने लावली जात नाही, कारण आईबाप आळशी. या दोन आळसांच्या आड तिसरा आणि खरा आळस बिनबोभाट दडून राहतो. वेळेवर तपासणी करण्याची आणि उपचार तडीस नेण्याची जबाबदारी ज्या शासनावर आहे, त्या शासनाचा तो आळस होय.

या दोषावर उपाय नाही असे नाही. बुफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १७४३ साली तिरळेपणाविषयी लिहिताना तो सांगितला होता: चांगला डोळा झाकावा आणि दुबळ्या डोळ्याला पाहावयास भाग पाडावे. पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी उपचाराचा गाभा तोच राहिला आहे. त्याला महागडे यंत्र लागत नाही, शस्त्रक्रियागृह लागत नाही, परदेशी औषध लागत नाही. आणि तरीही जालना जिल्ह्यातील मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबातील मुलाला हा उपाय योग्य वयात मिळेल, याची हमी आज कोणी देऊ शकत नाही. असे का व्हावे, हा प्रश्न केवळ नेत्रतज्ज्ञांवर सोपवून भागणार नाही. तो अर्थव्यवस्थेचा आणि म्हणून राजकारणाचा प्रश्न आहे.

डोळा आणि मेंदू

मूल जन्मते तेव्हा त्याला डोळे असतात, पण पाहण्याचे शिक्षण व्हावयाचे असते. ते शिक्षण डोळ्यांकडून येणाऱ्या प्रतिमांवर मेंदूत घडते आणि त्यातील महत्त्वाचा भाग पहिल्या सात-आठ वर्षांत पुरा होतो. या काळात एका डोळ्याकडून येणारी प्रतिमा सतत अस्पष्ट राहिली, तर मेंदू तिच्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि दुसऱ्या डोळ्यावरच भिस्त ठेवतो. पुढे चष्मा दिला तरी त्या डोळ्याला पुरेसे दिसत नाही, कारण दोष एव्हाना भिंगात राहिलेला नसतो, तो मेंदूच्या सवयीत मुरलेला असतो. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा काही काळ बंद ठेवून हे दाखवून दिले. त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षीच्या १ मे रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. विज्ञानाने आपले काम जिल्ह्याच्या जन्माआधीच करून ठेवले होते. राहिले ते प्रशासनाचे काम.

हा दोष मुख्यतः तीन कारणांनी होतो. दोन डोळ्यांच्या चष्म्याच्या नंबरात मोठी तफावत असणे हे एक, डोळा तिरळा असणे हे दुसरे. जन्मजात मोतीबिंदू किंवा खाली ओघळलेली पापणी यांमुळे डोळ्यात उजेडच नीट न जाणे हे तिसरे. यातील शेवटच्या प्रकारात आधी अडथळा दूर करावा लागतो आणि तोही तातडीने. मोतीबिंदू किंवा तिरळेपणा निदान दिसतो तरी. नंबरातील तफावत मात्र कोणालाच दिसत नाही. असे मूल धावते, गोट्या खेळते, फळ्यावरचे वाचते, कारण त्याचा एक डोळा उत्तम असतो. आपल्याला एकाच डोळ्याने दिसते हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. दुसऱ्या डोळ्याने कसे दिसावयास हवे होते, याचा अनुभवच त्याने घेतलेला नसतो. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे झाकून तपासल्याखेरीज हा दोष सापडत नाही. म्हणजे मूल तक्रार करील तेव्हा पाहू, हे धोरण येथे मुळातच निकामी ठरते.

एक डोळा चांगला आहे ना, मग बिघडले काय, असे विचारणारे भेटतात. त्यांनी जालना जिल्ह्यातील श्रमाचे स्वरूप ध्यानी घ्यावे. बाभळीचा काटा, उसाचे धारदार पान, मळणीच्या वेळी उडणारा कोंडा यांच्याशी शेतमजुराच्या डोळ्याची रोजची गाठ असते. जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या सळ्या करणाऱ्या गिरण्या आहेत. तेथे भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या डोळ्यात ठिणगी किंवा लोखंडाचा कण जाणे ही अनोखी गोष्ट नाही. ज्याचे दोन्ही डोळे शाबूत आहेत, त्याचा एक गेला तर तो एका डोळ्याने संसार रेटतो. ज्याचा एक डोळा लहानपणीच निरुपयोगी झाला आहे, त्याचा उरलेला डोळा गेला की तो आंधळाच होतो. श्रीमंताच्या मुलापेक्षा मजुराच्या मुलाला दुसऱ्या डोळ्याची गरज अधिक आहे, आणि तोच त्याला नाकारला जात आहे.

पट्टी स्वस्त, वेळ महाग

उपचाराचा क्रम नीट समजून घेतला पाहिजे, कारण सगळी मेख त्यातच आहे. प्रथम बुबुळे विस्फारणारे थेंब घालून मुलाचा खरा नंबर काढावा लागतो आणि योग्य चष्मा द्यावा लागतो. काही मुलांची दृष्टी नुसत्या चष्म्याने तीन-चार महिन्यांत सुधारते. ज्यांची पुरेशी सुधारत नाही, त्यांच्या चांगल्या डोळ्यावर चष्म्याच्या आत पट्टी चिकटवावयाची असते. पूर्वी ती दिवसभर ठेवीत. अमेरिकेतील बालनेत्रतज्ज्ञांच्या एका गटाने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून असे दिसले, की मध्यम दोषाला रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच गुण देते आणि तीव्र दोषाला सहा तास पुरतात. याच गटाने २००५ साली सात ते सतरा वयोगटातील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मोठ्या मुलांपैकीही काहींना लाभ झाल्याचे आढळले. म्हणून दहा-बारा वर्षांच्या मुलाला 'आता उशीर झाला' असे सांगून परत लावणे हाही अन्यायच आहे. परंतु लवकर सुरुवात केली तर गुण अधिक, हा नियम त्यामुळे बदलत नाही.

पट्टी काही रुपयांची असते. सहा महिने रोज एक म्हटली तरी सुमारे एकशे ऐंशी पट्ट्या लागतात. पण पट्टी स्वतः काम करीत नाही. चार वर्षांचे मूल चांगला डोळा झाकला की बिथरते. त्याला एकदम धूसर दिसू लागते, ते पट्टी ओरबाडून काढते. त्याच्याजवळ कोणीतरी बसावे लागते, चित्रे काढून घ्यावी लागतात, मणी ओवावयास द्यावे लागतात, गोष्ट सांगून दोन तास निभावून न्यावे लागतात. शाळेत 'काणा', 'काणी' म्हणून चिडवणाऱ्यांना आवरावे लागते. शिवाय दर सहा-आठ आठवड्यांनी तपासणी हवी. पट्टी अधिक झाली तर चांगल्या डोळ्याची दृष्टी मंदावण्याचा धोका असतो. ती एकाएकी सोडली तर दोष उलटण्याची भीती असते. उपचार थांबवल्यावर वर्षभरात सुमारे चारांपैकी एका मुलाचा दोष काही अंशी परततो असे आढळले आहे.

याचा अर्थ असा, की या उपचारात खर्च होते ती वस्तू नव्हे, वेळ खर्च होतो. आणि वेळ कोणाचा? आईचा. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या वेळेला किंमत नाही. मजुराच्या घरात मात्र तिची रोकड किंमत आहे. मंठ्याहून जालना साठेक किलोमीटर. तपासणीला जावयाचे म्हणजे आईचा रोज बुडाला. २०२५-२६ साठी रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. त्या दराने हिशेब केला, तरी वर्षाकाठी आठ खेपांची बुडालेली मजुरी २,४९६ रुपये होते. एसटीत मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट लागते हे खरे, पण बुडालेल्या रोजावर कोणी सवलत देत नाही. बरोबर बाप आला तर हा आकडा दुप्पट होतो. सरकारी दप्तरात या उपचारापुढे 'मोफत' असे लिहिले जाते. मोफत उपचाराची ही किंमत शासन भरत नाही, मजूर आई भरते. ती ज्या दिवशी भरू शकत नाही, त्या दिवशी कागदावर तिच्या नावापुढे 'पालक उदासीन' असा शेरा पडतो.

मोजमापातून निसटलेला डोळा

भारताने १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याचे कार्य मोठे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू निर्मूलनाचा प्रकल्प राबवला गेला. त्यातून लाखो वृद्धांना दृष्टी परत मिळाली. परंतु त्याच काळात यश शस्त्रक्रियांच्या संख्येत मोजण्याची सवय यंत्रणेच्या अंगी मुरली. शस्त्रक्रिया एका दिवसात होते आणि अहवालात एक आकडा वाढतो. पट्टीच्या उपचाराला वर्ष लागते आणि शेवटी अहवालात लिहिण्याजोगे काही घडत नाही. एक मूल दोन डोळ्यांनी पाहू लागते, एवढेच.

याहून मूलगामी अडचण व्याख्येत आहे. अंधत्वाची सरकारी व्याख्या दोन डोळ्यांपैकी चांगल्या डोळ्याच्या दृष्टीवर ठरते. २०१७ साली कार्यक्रमाच्या नावात 'दृष्टिदोष' हा शब्द आला आणि अंधत्वाची मर्यादाही बदलली, पण चांगल्या डोळ्याचा निकष कायम राहिला. ज्या मुलाचा एक डोळा उत्तम आहे, ते या मोजमापात निरोगी ठरते. दिव्यांगांच्या सवलतींसाठी चाळीस टक्क्यांची अट आहे, एका डोळ्याची दृष्टी गेलेला माणूस तिच्या खालीच राहतो. आता याच मुलाला अठरा वर्षांचे होऊ द्यावे. मराठवाड्याच्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात भरतीसाठी धावणाऱ्या पोरांचे थवे सर्वांच्या परिचयाचे आहेत. केंद्रीय निमलष्करी दलांच्या शिपाईपदासाठी एका डोळ्याची ६/६ आणि दुसऱ्याची किमान ६/९ दृष्टी, तीही चष्म्याविना, लागते. धावण्यात पहिला आलेला पोरगा वैद्यकीय तपासणीत बाद होतो आणि आपला एक डोळा कामाचा नाही, हे कित्येकदा त्याला तेथे प्रथम कळते. सवलत मागावयास गेला तर शासन म्हणते, तू धडधाकट आहेस. नोकरी मागावयास गेला तर तेच शासन म्हणते, तू अपात्र आहेस. एकाच डोळ्याविषयी एकाच राज्यसंस्थेची ही दोन उत्तरे आहेत.

शालेय नेत्रतपासणीची कथाही उद्बोधक आहे. अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखालील या तपासणीने आरंभी दहा ते चौदा या वयोगटावर भर दिला. लघुदृष्टी शोधण्यास ते वय ठीक असेल, पण पट्टीने बरा होणारा डोळा शोधण्यास ती गाडी सुटून गेल्यानंतरची वेळ आहे. पुढे फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा, अशी त्याची रचना आहे आणि दृष्टिदोषाचाही तीत समावेश आहे. कागदावर ही योजना उत्तम आहे. पण फिरते पथक एका दिवसात अंगणवाडीतील सगळ्या मुलांचे वजन, दात, कान, त्वचा, हृदय तपासणार. त्यातच प्रत्येक मुलाचा एकेक डोळा झाकून चित्रे ओळखावयास लावण्याइतकी सवड त्याला उरते काय, याचा विचार योजना आखणाऱ्यांनी करावयास हवा होता. आणि संशयित मूल पुढे पाठवले, की पथकाचे काम संपते. मूल तेथे पोहोचले काय, चष्मा मिळाला काय, पट्टी किती दिवस लागली, याला उत्तरदायी कोण?

फडावरचे मूल

जालना जिल्ह्यात या प्रश्नाला स्थलांतराची धार आहे. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून हजारो मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. लहान मुले अर्थातच बरोबर जातात. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी संत भगवान बाबा यांच्या नावे शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ साली जाहीर झाली आणि पहिल्या टप्प्यात जालन्याचा समावेश झाला, हे स्वागतार्हच आहे. पण वसतिगृह थोड्या मोठ्या, शाळकरी मुलांना. तीन ते सहा वर्षांचे मूल आईच्याच बरोबर फडावर जाणार. पट्टीने डोळा वाचण्याचे मोलाचे वय नेमके हेच आहे.

वेळापत्रक मांडून पाहावे. समजा, पावसाळ्यात पथकाने अंगणवाडीत मूल हेरले. पोळ्याच्या सुमारास जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी झाली. चष्मा हाती येईतो दसरा उजाडला. आता पट्टी सुरू करावयाची, तोच मुकादमाचा ट्रक दारात उभा. पुढले सहा महिने मूल कोपीत राहणार. आई पहाटे फडावर जाणार, रात्री उशिरा परतणार. एक दिवस कामावर न गेल्यास 'खाडा' पडणार आणि उचलीच्या हिशेबात तो वसूल होणार. त्या कोपीत मुलाच्या डोळ्यावर पट्टी लावून दोन तास त्याच्याजवळ कोणी बसावयाचे? सात-आठ वर्षांच्या थोरल्या बहिणीने? चष्मा फुटला तर नवा कोठून आणावयाचा? उपचाराचे सहा महिने आणि गाळपाचे सहा महिने हे तेच सहा महिने आहेत. साखर कारखान्याचा हंगाम बुडत नाही, पोराच्या डोळ्याचा हंगाम बुडतो. आणि तो दुसऱ्यांदा येत नाही.

साऱ्या जिल्ह्याचा अदमास घेता येतो. जगातील निरनिराळ्या पाहण्यांत शंभर मुलांमागे साधारण एक ते तीन मुलांत हा दोष आढळतो. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. दर आठ माणसांमागे एक मूल सहा वर्षांखालील धरले आणि दोषाचे प्रमाण कमीत कमी, म्हणजे शंभरात एक, एवढेच मानले, तरी हा आकडा अडीच हजारांच्या घरात जातो. गावागावांत विखुरलेली ही दोन-चार, दोन-चार मुले आहेत. ती मोर्चा काढू शकत नाहीत, त्यांची मतपेढी नाही. म्हणून त्यांची यादीही नाही.

तीन सबबी

यावर तीन सबबी हटकून पुढे केल्या जातात. पहिली सबब अज्ञानाची. तिरळे मूल भाग्याचे, असे खेड्यांत मानतात, मोठे झाले की आपोआप जाईल असे म्हणतात, मुलीला चष्मा लावला तर लग्न कसे जमणार अशी धास्ती बाळगतात. हे सारे खरे आहे. पण जेथे अडीच वर्षे वाट पाहूनही कोणी तपासावयास येत नाही, तेथे नशीब हेच एकमेव उपलब्ध औषध उरते. लसीकरणाविषयीही अशाच समजुती होत्या. दारात लस आली आणि परिचारिका पुन्हा पुन्हा येत राहिली, तेव्हा त्या समजुती विरल्या. अंधश्रद्धेशी लढलेच पाहिजे, पण तिचे भांडवल करून आपली जबाबदारी झटकणाऱ्या नोकरशाहीशीही लढले पाहिजे.

दुसरी सबब प्राधान्याची. आधी कुपोषण, आधी पाणी, आधी मोतीबिंदू, मग हे. युक्तिवाद वरकरणी समंजस वाटतो. परंतु मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एक वर्ष लांबली तरी पुढल्या वर्षी बहुधा होऊ शकते. पाच वर्षांच्या मुलाचे वर्ष गेले ते गेले. जे काम पुढे ढकलता येत नाही, ते आधी करावे, हा साधा व्यवहार आहे. शिवाय येथे एका कामासाठी दुसरे थांबवावे लागत नाही. त्याच अंगणवाडीत, त्याच दिवशी, वजनकाट्याशेजारी चित्रांचा तक्ता टांगावयाचा आहे.

तिसरी सबब शिबिरांची. मराठवाड्यात नेत्रशिबिरांची मोठी परंपरा आहे. जालना शहरात श्री गणपती नेत्रालयासारखी नावाजलेली संस्था आहे. अशा संस्थांविषयी आदरच बाळगावयास हवा. परंतु शिबिर ही एका दिवसाची घटना असते आणि हा उपचार वर्षभराचा असतो. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला चष्मे वाटता येतात, छायाचित्र छापून आणता येते. चष्मा वाटून झाल्यावर आठव्या, सोळाव्या, चोविसाव्या आठवड्यात त्या मुलाला पुन्हा तपासणारा वाढदिवस कोणत्याही पुढाऱ्याचा नसतो. दान घटनेपुरते असते, हक्क रोजचा असतो. म्हणून येथे दानाची भाषा अपुरी पडते.

काय मागावे, काय करावे

मराठवाड्याने अनुशेषाची भाषा पुष्कळ ऐकली आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली अनुशेष मोजून दाखवला. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली. एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. रस्ते, सिंचन, इमारती यांचा अनुशेष मोजता आला, डोळ्यांचा कोणी मोजला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. त्या महाविद्यालयाची कसोटी त्याच्या कमानीवर लागणार नाही. भोकरदनच्या वस्तीवरील किंवा जाफराबादच्या गावंदरीतील मुलाचा डोळा वेळेत वाचतो की नाही, यावर ती लागेल.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. तीन वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाच्या दोन्ही डोळ्यांची स्वतंत्र तपासणी अंगणवाडीत झालीच पाहिजे आणि शाळेत नाव घालण्यापूर्वी ती पुन्हा झाली पाहिजे. प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याचे पद कायम भरलेले असावे, आठवड्यातील एक ठरावीक वार मुलांच्या डोळ्यांसाठी राखून ठेवावा, म्हणजे दर खेपेला जालना गाठावे लागणार नाही. चष्मा, फुटल्यास दुसरा चष्मा आणि पट्ट्या तेथेच विनामूल्य मिळाव्यात. तपासणीच्या दिवसाची आईची मजुरी शासनाने भरून द्यावी. रोजगार हमीचा कायदा ज्या राज्याने १९७७ सालीच केला, त्या राज्याला ही मागणी अवघड वाटण्याचे कारण नाही.

स्थलांतरित मुलाला एक कार्ड द्यावे आणि ते राज्यातील कोणत्याही सरकारी रुग्णालयात चालावे. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपावर दर टनामागे दहा रुपये घेण्याचे ठरले आहे. त्या पैशातून कारखान्याच्या तळावर पाळणाघर चालले पाहिजे आणि त्या पाळणाघरात रोज दोन तास पट्टी लावून मुलांना चित्रे काढावयास बसवणारी एक पगारी सेविका असली पाहिजे. ज्यांना पट्टी मुळीच शक्य नाही, अशा काही मुलांच्या चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब घालून त्या डोळ्याची जवळची दृष्टी तात्पुरती धूसर करण्याचा पर्याय आहे. मध्यम दोषात आठवड्यातून दोन दिवस घातलेले थेंबही उपयोगी पडतात असे अभ्यास सांगतात. पण त्याने बुबुळ विस्फारते आणि उन्हात डोळा दिपतो. शिवाय बाटली लहान मुलाच्या तोंडी गेली तर विषबाधा होऊ शकते. त्यामुळे हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा. गरिबाला स्वस्तात वाटेला लावण्याची युक्ती म्हणून तो वापरला जाऊ नये.

येथे एक सावधगिरी राखावयास हवी. हे सारे काम अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्या डोक्यावर आणखी एक बिनमोल ओझे म्हणून टाकणे शासनाला फार सोपे जाईल. मानधनाच्या नावाखाली राबवल्या जाणाऱ्या या स्त्रियांपैकी अंगणवाडी सेविकांना आपल्या साध्या मागण्यांसाठी डिसेंबर २०२३ पासून पुढल्या जानेवारीपर्यंत संपावर बसावे लागले होते. तपासणीचे काम त्यांना द्यावयाचे तर प्रशिक्षण आणि मोबदला दोन्ही दिले पाहिजेत. एका मजूर आईचा भार हलका करताना तो दुसऱ्या राबणाऱ्या बाईच्या पाठीवर ठेवणे, याला सुधारणा म्हणत नाहीत.

मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. दिवाळीपूर्वी, टोळ्या निघण्याआधी, प्रत्येक शाखेने आपल्या गावातील तीन ते सात वर्षांच्या मुलांची यादी करावी. खेळ म्हणून एकेक डोळा तळहाताने झाकावा आणि दहा-बारा फुटांवरून चित्रे ओळखावयास सांगावे. जे मूल एक डोळा झाकू देते पण दुसरा झाकला की हात झटकते, रडते किंवा मान वळवते, त्याचे नाव टिपावे. ज्याचा डोळा तिरळा दिसतो किंवा बाहुलीत पांढरे दिसते, त्याचे नाव सर्वांत वर लिहावे. हे निदान नव्हे, पण तपासणीचा हक्क मागण्यास एवढा आधार पुरेसा आहे. आपल्या मनाने कोणी पट्टी बांधू नये. त्या मुलांना घेऊन पालकांसह ग्रामीण रुग्णालयात जावे, कागद घ्यावा, पुढली तारीख लिहून घ्यावी. तारीख मिळत नसेल तर तहसील कचेरीपुढे बसावे. आणि परत आल्यावर त्या घरी रोज दोन तास कोण बसणार, याची पाळी वस्तीने लावावी.

साडेतीन वर्षांचे मूल निवेदन देऊ शकत नाही, पण त्याचे वय दर दिवशी एका दिवसाने वाढते आणि तेवढ्याने त्याचा डोळा वाचण्याची शक्यता घटते. या वर्षीचा गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी किती नावांपुढे तपासणीची तारीख लिहिली गेली, एवढा एकच आकडा प्रत्येक शाखेने जिल्हा कचेरीकडे कळवावा.